नगरपालिकेच्या नव्या इमारतीला हरित मानांकनाची सक्ती हवी की नको?

माळवद (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेची नवी प्रशासकीय इमारत होणार आहे. तळमजला आणि वर तीन मजले, बांधकाम साधारण तीन हजार चौरस मीटर. तांत्रिक मान्यता अजून बाकी आहे. संकल्पचित्र फलकावर लागलं तेव्हा बघायला गेलो आणि पोटात गोळाच आला. रस्ता पश्चिमेला, म्हणून दर्शनी बाजू पश्चिमेला, आणि ती वरपासून खालपर्यंत काचेची. गाव मराठवाड्यातलं. एप्रिल-मेच्या दुपारी तीन ते सहा या काचेमागे घरपट्टीची खिडकी असणार, जन्ममृत्यूचे दाखले असणार आणि त्यासाठी उभी असलेली म्हातारी माणसं असणार.

माझी मागणी अशी : पालिकेच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक मोठ्या नव्या इमारतीला हरित इमारतींना तारे देणाऱ्या ‘गृह’ पद्धतीचे किमान तीन तारे किंवा आयजीबीसीचं (भारतीय हरित इमारत परिषदेचं) त्या तोडीचं मानांकन बंधनकारक करावं. तसा ठराव सर्वसाधारण सभेत व्हावा आणि ती अट निविदेतच यावी. ‘गृह’ ही काही परदेशातून आणलेली पद्धत नाही. टेरी ही ऊर्जा संशोधन संस्था आणि केंद्राचं नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी ती आपल्या हवामानासाठी बसवली, २००७ पासून ती राष्ट्रीय पद्धत म्हणून मान्य आहे. केंद्रीय लोकनिर्माण विभाग स्वतःच्या इमारतींना तीन ताऱ्यांची अट लावतो. आपल्या राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत खासगी बिल्डरला हरित मानांकनाबद्दल मूळ एफएसआयवर (भूखंडावर किती बांधता येईल त्या मर्यादेवर) ३, ५ आणि ७ टक्के वाढीव एफएसआय मिळतो. म्हणजे नागरिकानं हरित बांधावं म्हणून पालिका बक्षीस देते, आणि स्वतःचं घर बांधताना काचेची भिंत उभी करते. हे मला पटत नाही.

खरं कारण वेगळंच आहे. अंदाजपत्रकात चांगल्या गोष्टी असतातच. ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा वीस टक्के कमी दर (बिलो) भरून काम घेतो आणि मग काटछाट सुरू होते. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींपासून होते. छतावरचा उष्णतारोधक थर जातो, छज्जा आखूड होतो. आमच्या सध्याच्या इमारतीत पावसाचं पाणी जिरवायचा पाइप आहे. तो जमिनीत दीड फूट जातो आणि तिथंच संपतो, खाली खड्डाच नाही. मोजमाप पुस्तकात मात्र खड्डा आहे. बाहेरचं कुणीतरी तपासायला येणार असेल तरच हे थांबेल.

निवृत्त_उपअभियंता

धागाकर्त्यांची तळमळ कळते, पण सक्तीला माझा विरोध आहे. एकतीस वर्षं शासकीय बांधकामांवर काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मानांकन म्हणजे शेवटी गुणांची बेरीज. सायकल स्टँडला गुण, माहितीफलकाला गुण, कमी पाण्याच्या नळांना गुण. सल्लागार कमी खर्चात कुठून गुण मिळतात ते बरोबर हेरतो. फाइल तयार होते, पितळी पाटी लागते. दोन वर्षांनी जाऊन बघा, सांडपाण्याचा छोटा प्रकल्प बंद असतो, कारण तो चालवायला माणूसच मंजूर नाही. सौर पॅनेलवर बोटभर धूळ असते. देखभाल-दुरुस्तीच्या लेखाशीर्षात रंगकामापुरतेही पैसे नसतात, तिथे यंत्रणा कोण सांभाळणार?

हा केवळ माझा अनुभव नाही. अमेरिकेत ओबरलिन कॉलेजचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन स्कोफिल्ड यांनी २००९ मध्ये लीड (तिथलं हरित मानांकन) प्रमाणित इमारतींचे प्रत्यक्ष वापराचे आकडे तपासले. वीज तयार होते तिथपासूनची ऊर्जा धरली तर त्या इमारती इतरांपेक्षा सरासरीनं कमी ऊर्जा वापरतात असं त्यांना दिसलं नाही.

आपल्याकडचं जुनं बांधकाम बघा. विश्रामगृहांचे रुंद व्हरांडे, अठरा इंची दगडी भिंती, उंच छत, वरची झरोक्याची खिडकी. एकालाही तारा नाही आणि मे महिन्यात आत बसवतं. इमारतीच्या लांब बाजूंचं तोंड उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवा. दक्षिणेचं ऊन उन्हाळ्यात डोक्यावरून येतं, ते दोन फुटी छज्जानं अडतं. पूर्व-पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, ते छज्जाला जुमानत नाही. म्हणून तिकडे जिने, स्वच्छतागृहं, दस्तऐवजांच्या खोल्या टाका. स्लॅबवर नीट उताराचा कोबा आणि त्यावर पांढरा चायना मोझॅक (फरशीचे तुकडे) घाला. एवढं केलं की निम्मं काम झालं. याला शासकीय दरसूचीत बाबी आहेत, सल्लागाराची फी लागत नाही.

जांभा

मी वास्तुविशारद आहे, कोकणात काम करते. काकांच्या तंत्राच्या परिच्छेदातल्या प्रत्येक वाक्याशी सहमत, निष्कर्षाशी नाही.

स्कोफिल्ड यांनी जे आकडे तपासले ते २००८ च्या एका अभ्यासातले होते. त्या मूळ अभ्यासात लीड इमारती सरासरी २५ ते ३० टक्के कमी ऊर्जा वापरतात असा निष्कर्ष होता. एकाच आकड्यांतून दोन उत्तरं निघाली, कारण सरासरी कशी काढायची आणि ऊर्जा कुठून मोजायची यावर मतभेद होता. इमारती-इमारतींत फरक प्रचंड होता, हे मात्र दोघांच्याही आकड्यांत दिसतं. यातून मी एवढंच घेते की पाटी लागली म्हणून बचत झाली असं धरू नये. पाटी नको असं त्यातून निघत नाही.

आता माझा अनुभव. एका सार्वजनिक इमारतीत पदाधिकाऱ्यांना समोर काच आणि एसीपीचे (अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत) पत्रेच हवे होते. “शेजारच्या तालुक्याची बघा कशी चकाचक आहे.” मी उन्हाचा आलेख दाखवला, तापमानाचे आकडे दाखवले, जांभ्याची जाळीदार भिंत काढून दाखवली. कुणी ऐकलं नाही. त्या कामाला मानांकनाची अट होती. एवढी काच ठेवली तर भिंती-खिडक्यांच्या अनिवार्य निकषातच इमारत बसत नाही, हे पत्र आलं तेव्हा काच निम्म्यानं कमी झाली. माझ्या शब्दाला जे वजन नव्हतं ते त्या पत्राला होतं. काका, दिशा, छज्जा, कोबा हे सगळं इतकं सोपं आणि स्वस्त आहे, तर एकतीस वर्षांत ते किती इमारतींत झालं?

निवृत्त_उपअभियंता

ताई, प्रश्न टोचला, पण रास्त आहे. खरं उत्तर देतो. चार इमारतींच्या दर्शनी काचेला मी लेखी हरकत घेतली होती. चारही वेळा ‘सौंदर्यदृष्ट्या आवश्यक’ असा शेरा मारून ती काच मंजूर झाली. त्यातल्या एका इमारतीत आता काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवली आहेत आणि दिवसाढवळ्या सगळे दिवे चालू असतात. मला तिकडून जाताना बघवत नाही.

तरीही सक्तीबद्दल शंका उरतेच. तुमच्या पत्राचा धाक चालला कारण तपासणारा प्रामाणिक होता. सक्ती झाली की शेकडो कामं येतील, तपासणारे तेवढेच राहतील, आणि मग तेही कागदावरच तपासतील.

मीटर

मी विजेची कामं घेतो, बरीचशी सरकारी कार्यालयांची. आकडे समोर ठेवतो.

आपल्याकडे एक किलोवॅट सौर पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिट देतं. वीस किलोवॅट बसवले तर ऐंशी युनिट. लहान पालिकेचं दिवसा चालणारं कार्यालय त्यावर बऱ्यापैकी निघतं, पण पंखे आणि दिव्यांवर चालत असेल तर. पश्चिमेच्या काचेमागे दीड-दीड टनाचे पंधरा एसी लावले की ती सौरऊर्जा त्यातच जाते. त्यामुळे आधी ऊन अडवा, मग पॅनेल. लोक उलटं करतात, कारण पॅनेलचं उद्घाटन करता येतं.

दुसरी अडचण. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या इमारतींपासून लागू होते. तालुक्याच्या बऱ्याच पालिकांच्या इमारती त्याखाली राहतात. म्हणजे कायद्याचा धाक त्यांना नाहीच. मग एक तर मानांकन, नाही तर काहीच नाही, अशी स्थिती आहे. म्हणून मी धागाकर्त्यांच्या बाजूचा, पण एक भर घाला : दर महिन्याचं वीजबिल आणि दर चौरस मीटर युनिटचा आकडा दारातल्या फलकावर लावा. बीईई या केंद्राच्या ऊर्जा बचत संस्थेचे कार्यालयीन इमारतींचे तारे याच आकड्यावर ठरतात. पितळी पाटी कधी बदलत नाही, हा आकडा दर महिन्याला बदलतो.

गावकारभारीण

मी सरपंच आहे, लोकसंख्या अडीच हजार. तुमची चर्चा पालिकेची आहे, पण असे ठराव वरून खाली झिरपतात आणि मग आमच्या मानेवर बसतात, म्हणून लिहिते.

पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) पैशातला ६० टक्के बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेल्या ४० टक्क्यांत रस्ता, गटार, अंगणवाडीची दुरुस्ती, सगळं. आमचं ग्रामपंचायत कार्यालय दोन खोल्यांचं आहे. त्याला नोंदणी फी भरून, सल्लागार नेमून, तारे घेऊन मी काय करू? ‘गृह’ मुळात २५०० चौरस मीटरच्या पुढच्या इमारतींना आहे, लहानांसाठी ‘स्वगृह’ आहे हे माहीत आहे. तीही फी आणि तोही कागद.

राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ पर्यावरण अभियानातल्या गुणांसाठी आम्ही झाडं लावली, सोलर दिवे लावले. गुणांची गोडी लागते हे खरं आहे, त्यानं कामं झाली. पण गुण ज्याला मिळतात तेच काम आधी होतं, हेही मी बघितलं. आमच्या अंगणवाडीचं छत पत्र्याचं आहे. त्याला कुठेच गुण नव्हते, म्हणून ते राहिलं. दुपारी पोरं आत थांबत नाहीत. मला मानांकन नको, त्या पत्र्याखाली घालायला थर्माकोल-जिप्समचं छत आणि वर पांढरा रंग एवढ्याचे पैसे हवेत.

माळवद

ताई, तुमचं खरं आहे, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझं बालपण माळवदाच्या घरात गेलं, म्हणून हे टोपणनाव घेतलं. लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यावर वीतभर माती. दुपारी आजी तिथंच खाली घोंगडी टाकून झोपायची. पुढे आम्ही ते पाडून स्लॅब टाकला आणि पंख्याची गरम हवा खात बसलो. त्या घराला कुणी तारे दिले नव्हते. ग्रामपंचायत, अंगणवाडी, शाळाखोली यांना मानांकनाची सक्ती नकोच. त्यांच्यासाठी उपअभियंता काकांनी लिहिलेल्या बाबीच अंदाजपत्रकात सक्तीच्या कराव्यात.

पण २५०० चौरस मीटरच्या वर मी हटणार नाही. तिथे पैसाही आहे आणि काचेचा मोहही आहे.

सिएटलकर

मूळचा लातूरचा, आता सिएटलमध्ये. या शहरानं २००० साली स्वतःच्या पाच हजार चौरस फुटांवरच्या नव्या इमारतींना लीड सिल्व्हरची अट घातली, असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. २०११ मध्ये ती गोल्ड केली. दरम्यान २०१० मध्ये दुसरा कायदा केला : मोठ्या इमारतींनी (आता २०,००० चौरस फुटांवरच्या), खासगी धरून, दरवर्षी ऊर्जेचा वापर शहराला कळवायचा. आता ते आकडे कुणालाही बघता येतात. म्हणजे प्रमाणपत्राच्या जोडीला बिल लागतं हे इथंही नंतर कळलं. ‘मीटर’ म्हणतात तो फलक पहिल्या दिवसापासून लावा, दहा वर्षं थांबू नका. मात्र इथलं हवामान थंड आहे, इथल्या काचेचे फोटो बघून तिकडे काच लावू नका एवढी कळकळीची विनंती.

माळवद

सगळ्यांचं वाचून ठरावाचा मसुदा बदलला. तीन नगरसेवकांनी सूचक-अनुमोदक व्हायची तयारी दाखवली आहे.

२५०० चौरस मीटरवरच्या नव्या इमारतीला ‘गृह’चे किमान तीन तारे. पाटी लावायची ती तात्पुरत्या मानांकनाची नाही. अंतिम मानांकन वर्षभराच्या वापरानंतरच्या ऊर्जा लेखापरीक्षणाशी जोडलेलं असतं, ते मिळाल्यावरच पाटी. ते पाच वर्षांसाठी असतं, म्हणून नूतनीकरणाची आणि देखभालीची तरतूद इमारतीच्या मंजुरीबरोबरच स्वतंत्र लेखाशीर्षात. वीजबिलाचा फलक पहिल्या महिन्यापासून. २५०० च्या खाली मानांकन नाही, पण पश्चिमेला काच नाही आणि छतावर पांढरा थर सक्तीचा. शेवटचं कलम : ठेकेदाराच्या देयकातले पाच टक्के अंतिम मानांकन मिळेपर्यंत राखून ठेवायचे.

निवृत्त_उपअभियंता

शेवटचं कलम सोडून बाकी सगळ्याला माझा पाठिंबा, आणि हे मी मनापासून लिहितोय.

ठेकेदारानं नकाशाप्रमाणे बांधलं आणि पुढे मुख्याधिकाऱ्यांनी अठरा अंशांवर एसी चालवला, तर त्याचे पाच टक्के का अडकावेत? तो न्यायालयात जाईल आणि जिंकेल. पैसे राखायचेच असतील तर नकाशा काढणाऱ्याच्या आणि मानांकन सल्लागाराच्या फीमधून राखा. काच त्यांनी काढली आहे. ठेकेदाराकडून फक्त एवढं घ्या की झाकलं जाणारं प्रत्येक काम, कोबा, उष्णतारोधक थर, पाणी जिरवायचा खड्डा, झाकण्याआधी तारखेच्या फोटोसह मोजलं जाईल आणि तो फोटो पालिकेच्या फलकावर लागेल.

मसुदा मला पाठवा. दरसूचीतल्या बाबींचे क्रमांक मी घालून देतो, म्हणजे तांत्रिक मान्यतेत कुणाला ‘बाब उपलब्ध नाही’ म्हणता येणार नाही. सभा कधी आहे?

माळवद

येत्या अठ्ठावीसला. कलम तुमच्या म्हणण्याप्रमाणे बदलतो. काका, जमलं तर प्रेक्षक गॅलरीत या, मी स्टँडवर घ्यायला येतो.