यादीत नाही म्हणजे सुरक्षित?

एका पोस्टमध्ये म्हटलंय की ॲटलस पतंग (हा कीटक) लाल यादीत, म्हणजे कुठल्या जीवजातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत, नाही म्हणजे सुरक्षित, आणि मांटा पाकट (हा मासा) यादीत आहे म्हणजे त्याचं काही खरं नाही. दुसरं पटलं, पहिलं नाही. यादीत नाव नसणं म्हणजे बहुतेकदा कुणी तपासलेलंच नाही, एवढंच. पतंगांच्या फारच थोड्या जातींचं मूल्यमापन आययूसीएनने केलंय.

महाकाय मांटा मात्र २०२० पासून 'संकटग्रस्त' आहे. मादी साधारण वर्षभर गर्भ वाढवते, बहुधा एकच पिल्लू देते आणि मग काही वर्षं खंड. त्यात कल्ल्यांच्या पट्ट्यांना बाजारात मागणी! ॲटलसची मादी शेकड्यांत अंडी घालते. प्रौढाला खाण्यायोग्य तोंडच नसतं, सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडा-दोन आठवडे निघतात.

वर्गीकरणात दोघांचं नातं प्राणिसृष्टीपाशीच संपतं. एक संधिपाद कीटक, दुसरा शार्कचा भाऊबंद, कूर्चेच्या सांगाड्याचा मासा. आणि हो, 'मांटा' नावाची वेगळी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आता राहिलेली नाही. जनुकीय अभ्यासानंतर तिला 'मोब्युला' या प्रजातीत घातलंय. त्यामुळे महाकाय मांटा यादीत शोधताना 'मोब्युला बायरोस्ट्रिस' असं शोधा.