उत्पादकता यंत्राने वाढते की रीतीने?

सातपूरकर :
पूर्व आशियाच्या भरभराटीचा विषय निघाला की अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांचा १९९४ मधला मुद्दा आठवतो. सिंगापूरने भांडवल, कामगार आणि शिक्षण ओतून उत्पादन वाढवले, त्याच साधनांतून अधिक काढण्याची हातोटी मात्र फारशी सुधारली नाही, असे त्यांनी अर्थतज्ज्ञ ऑल्विन यंग यांच्या हिशेबाच्या आधारे मांडले. मला ते पटते. आमच्या नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत धातू कातायचे जुने लेथ जाऊन संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आल्यावरच माणशी उत्पादन वाढले. आधी गुंतवणूक, बाकीचे मागाहून.

अंबडचा सेटर :
मला हे मान्य नाही. धातू दाबून आकार देणाऱ्या ज्या प्रेस शॉपमध्ये मी डाय, म्हणजे साचे, बसवायला होतो तिथे नवा प्रेस येऊनही डाय बदलायला दोन तास जात. पुढची डाय प्रेस चालू असतानाच ट्रॉलीवर आणून ठेवणे आणि सगळ्या डायची उंची ठोकळे लावून एकसारखी करणे, एवढ्यावर तेच काम पंचवीस मिनिटांवर आले. खर्च म्हणाल तर ठोकळ्यांचा. ही रीत शिगेओ शिंगो यांनी जपानी कारखान्यांत घडवली. शिवाय सिंगापूरमध्ये नुसते भांडवलच साचत गेले असते तर प्रत्येक नव्या यंत्रामागचा लाभ, म्हणजे भांडवलावरचा परतावा, घसरायला हवा होता. तो घसरलेला दिसत नाही, हे अर्थतज्ज्ञ चांग-ताय शे यांनी २००२ मध्ये दाखवले.

निफाडकर :
तुम्ही दोघेही कारखान्याच्या फाटकाआतच भांडता आहात. चीनने १९७८ नंतर शेती कुटुंबांच्या हाती सोपवली, व्हिएतनामने १९८६ मध्ये दोई मोई या आर्थिक सुधारणा सुरू केल्या, आणि मोकळे झालेले हात निर्यातीच्या कारखान्यांत गेले. उत्पादकतेची मोठी उडी तिथे आहे. आपल्याकडे चाळीस टक्क्यांहून अधिक कामगार अजून शेतीत आहेत आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास. (निर्यातीची द्राक्षे काढणारा बागाईतदार यात धरू नये, त्याचा हिशेब निराळा.) शेत सोडलेला आमच्याकडचा मुलगा बहुधा बांधकामावर जातो, सातपूरला नव्हे.

सातपूरकर :
निफाडकर, त्या मुलाला सातपूरला घ्यायचे तर तिथे आणखी यंत्रे लागतील, म्हणजे पुन्हा गुंतवणूकच. सेटरसाहेब, प्रेसच नसता तर दीड तासाहून अधिक वेळ कशाचा वाचवला असता? आणि शे यांचा आक्षेप सिंगापूर, फार तर तैवानला लागू पडतो; कोरियाच्या बाबतीत त्यांचे उत्तर यंग यांच्या जवळपासच येते.

अंबडचा सेटर :
प्रेस हवाच, पण तो दोन तास उभा राहत होता तेव्हाही बँकेचे व्याज चालूच होते.