शब्दचर्चा : ‘आगर’ मिठाचे की पोफळीचे?

भाषांतरकार : १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारावरील एका लेखाचे मी भाषांतर करीत आहे. वर्षाला ४ लाख रुपयांच्या मोबदल्यात गोव्यातील मिठाच्या उत्पादनाचा ताबा ब्रिटिश हिंदुस्थान सरकारकडे गेला आणि १८९२ मध्ये करार संपेपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. त्या संदर्भात मी ‘आगरे’ असा शब्द योजला, तर संपादकांनी ‘बागायतीचा येथे काय संबंध?’ असा शेरा मारला. शब्द बदलावा का?

गुहागरवासी : अवश्य बदलावा. आमच्याकडे आगराचे शिंपणे म्हणजे नारळी-पोफळींना पाणी देणे, दुसरे काही नाही. ‘मिठागर’ हा रुळलेला शब्द असताना वाचकाला कोड्यात का पाडावे?

उरणचा वाचक : आमच्या आगरी समाजाचे नावच आगरावरून पडले, असे आम्ही मानतो. माझे आजोबा भरतीचे पाणी तापवणीत घेत, ते उन्हाने दाट झाले की तुडवून टणक केलेल्या वाफ्यांत सोडत आणि धरलेले मीठ लाकडी फावड्याने बांधाकडे ओढत. पण त्या जागेला ते ‘मिठागर’ म्हणाल्याचे मला आठवत नाही. ते नुसते ‘आगर’ होते.

व्युत्पत्तिप्रेमी : मूळ संस्कृत ‘आकर’, म्हणजे खाण किंवा विपुलतेचे स्थान, ‘गुणांचे आगर’ त्यातलेच. तेव्हा दोन्ही पक्ष बरोबर आहेत, मात्र छापील मजकुरात ‘लवणाकर’ हाच निर्दोष शब्द होय.

उरणचा वाचक : मग १९३० मध्ये शिरोड्याला ‘लवण-सत्याग्रह’ झाला, असेही लिहा.

पेडण्याचा वाचक : लेख गोव्याचा असताना उरण आणि गुहागर यांचीच साक्ष का काढली जाते? आमच्या तालुक्यात आगरवाडा नावाचे गाव आहे आणि मिठाचे काम करणारे मीठगावडेही आहेत. म्हणजे ‘आगर’ आणि ‘मीठ’ दोन्ही शब्द नांदतात, आणि जोडून ‘मिठागर’ही म्हणतात.

व्युत्पत्तिप्रेमी : ‘मीठ’चेच पाहा. तो ‘मृष्ट’ किंवा ‘मिष्ट’पासून आला असावा, म्हणजे मूळ अर्थ रुचकर, गोड! गुजरातीत ‘मीठुं’ म्हणजे मीठही आणि गोडही.

गुहागरवासी : ही व्युत्पत्ती मला ओढूनताणून आणलेली वाटते. हिंदीत ‘मीठा’ गोडच राहिला, मग मराठीतच तो खारट का व्हावा?

व्युत्पत्तिप्रेमी : कारण मिठावाचून अन्नाला चव नाही, आणि ‘मृष्ट’चा मूळ रोख गोडीपेक्षा चवीकडेच अधिक आहे.