एमटीबी (माउंटन बाइक) विकायला काढलीय. खान्देशात तिचं काम काय, सांगा

तापीकाठ (जळगाव)

काल एक कॉलेजचा मुलगा माझी एमटीबी पाहायला आला. त्यानं मागचं चाक फिरवून टायर पाहिला आणि हसला. टायरची मधली बटणं झिजून गुळगुळीत, कडेची मात्र आजच दुकानातून आणल्यासारखी. "काका, ही डोंगरात कधी गेलीच नाही ना?" तीन वर्षांचा हिशेब पोरानं दोन सेकंदांत मांडला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते इथे लिहितो. शिव्या खायची तयारी आहे.

खान्देशातल्या माणसानं रोड बाइकच घ्यावी, डांबरी रस्त्यावरची, बारीक टायरची. आपला मुलूख म्हणजे तापी, गिरणा, पांझरेचं खोरं. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जा, नव्वदेक किलोमीटरमध्ये दम काढणारा एक चढ लागत नाही. अशा रस्त्यावर सव्वादोन इंची टायर घरघर करत ओढायचे, वर पुढचा शॉकअप प्रत्येक पॅडलला खालीवर मान डोलावतो. म्हणजे आपण जेवण करायचं आणि निम्मं त्यानं खायचं.

त्यात वारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माथ्यावर पवनचक्क्यांची रांग काय शोभेसाठी उभी केलीय? ताशी वीसच्या पुढे गेलं की पायातली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. वेग दुप्पट केला तर हवेचा अडसर चौपट होतो. रुंद हँडलवर छाती काढून बसलेला एमटीबीवाला म्हणजे शीड लावलेली होडी, तीही उलट्या वाऱ्याला. रोडच्या ड्रॉप बारवर, त्या खाली वळलेल्या हँडलवर, निदान वाकता तरी येतं.

आणि ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास खेळतो. पहाटे पाचला निघून आठच्या आत घरात यायचं तर तीनच तास मिळतात. रोडवर माझे तेवढ्यात सत्तर किलोमीटर होतात. एमटीबीवर पन्नासला जीभ बाहेर.

बोला.

लळिंगचा वारा (धुळे)

सगळं बरोबर भाऊ, फक्त तुमच्या हिशेबात ट्रक नाहीत.

सुरत-नागपूर महामार्ग चौपदरी झाला, मान्य. पण त्याची साइडपट्टी सायकलवाल्यासाठी आहे असं फक्त सायकलवाल्यालाच वाटतं. तिथे ट्रक उभा असतो, त्याचा टायर बदलणं चालू असतं, आणि काम झाल्यावर चाकाला लावलेला दगड तिथेच सोडून तो जातो. समोरून उलट्या दिशेनं दुचाकी येते, दिवा बंद. मागून केळीची गाडी, जिला माल सडायच्या आत दिल्ली गाठायचीय. या तिघांच्या मधून पंचवीस मिलिमीटरच्या टायरवर तुम्ही वाऱ्याचं गणित मांडणार?

मी दोन वर्षं रोडच चालवली. एका सकाळी एका गाडीचा आरसा कोपराला चाटून गेला. लागलं काही नाही, पण घरी येऊन बायकोला सांगितलं नाही, यावरूनच मला कळलं की आता पुरे. त्यानंतर मी लळिंगच्या कुरणाकडे वळलो. लांडोर बंगल्याच्या बाजूनं वर गेलं की मुरूम, गवत, खाली किल्ल्याची सावली. वेग? ताशी बारा. कोणी विचारत नाही.

तापीकाठ (जळगाव)

आरशाचं वाचून पोटात गोळा आला. पण ट्रकवाल्याची चूक सायकलवर का ढकलता? एमटीबीवर असता तरी आरसा तेवढाच लागला असता.

लळिंगचा वारा (धुळे)

एमटीबीवर असतो तर त्या रस्त्यावर नसतो. एवढंच म्हणतोय.

पांझरानं पानी (साक्री)

भांडू नका भो. आठे दोन्ही सायकली बंद पडतस. पहिला पाऊस पडू द्या, काळी माटी चाकले अशी चिकटस की सायकल तुमनावर बसस, तुम्ही सायकलवर नही.

शहाद्याचा मास्तर (नंदुरबार)

वरचे हसण्यावारी नेऊ नका, पांझराभाऊ बरोबर बोलले. काळ्या जमिनीत एमटीबी चालते हा गैरसमज आहे. कपाशीच्या शेताकडेच्या वाटेवर दीडशे पावलांत फोर्क (चाक धरणारा पुढचा चिमटा) आणि चाकाच्या मधली जागा चिखलानं बुजते. मग काडी घेऊन उकरत बसायचं. रुंद टायर उलट जास्त माती उचलतो. एमटीबीचं राज्य आपल्याकडे फक्त पायथ्याला. यावल-रावेरच्या वर, सातपुडा सुरू होतो तिथल्या गोटाळ जमिनीवर.

आता माझी गंमत सांगतो. मी डोंगराच्या पायथ्याशी राहतो आणि रोड बाइक चालवतो. शहादा, म्हसावद, मग सातपायरीचा घाट चढून तोरणमाळ. अकराशे मीटरच्या वर आहे ते, आणि रस्ता डांबरी. चढाला किलो मोजावे लागतात हो. माझी सायकल साडेनऊ किलोची, मित्राची एमटीबी चौदाची. साडेचार किलो म्हणजे पाठीवर ज्वारीची मोठी पिशवी घेऊन घाट चढणं.

पण पुढच्या चक्रीला चौतीस दात आणि मागे निदान बत्तीस दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) हवी. अठ्ठावीसवर गेलो होतो पहिल्यांदा. तिसऱ्या वळणावर गुडघे माझ्याशी नाही, एकमेकांशी बोलायला लागले. आणि उतरताना पावसाळ्यात वळणावर वाहून आलेली बारीक खडी असते. तिथे रोड बाइकवाला देवाचं नाव घेतो आणि एमटीबीवाला शीळ घालत पुढे जातो. हेही प्रामाणिकपणे लिहितो.

गिरणेची लेक (चाळीसगाव)

इतके प्रतिसाद झाले, पण एक गोष्ट कोणी काढली नाही, म्हणून मी काढते.

तापीकाठ दादा, पहाटे पाचला महामार्गावर तुम्ही एकटे निघता. मी नाही निघू शकत. निघून पाहिलंय. अंधारात मागून गाडी येते, जवळ येऊन तिचा वेग कमी होतो, आणि पुढचा अर्धा मिनिट फार मोठा असतो. त्या अर्ध्या मिनिटात तुमचं हवेचं गणित कामाला येत नाही.

तितूरच्या काठानं शेतांमधून जाणारी गाडवाट आहे. तिथे पाचला मोटार लावायला आलेला शेतकरी असतो, दुधाचे कॅन घेऊन निघालेला मुलगा असतो. आता दोन वर्षांत सगळे ओळखतात. एक आजी तर थांबवून विचारतात, "आज उशीर झाला गं?" एखाद्या दिवशी गेले नाही तर दुसऱ्या दिवशी जाब द्यावा लागतो. त्या वाटेवर रोड बाइक नेली तर दोन किलोमीटरमध्ये हात बधिर होतात. म्हणून माझी एमटीबी. साहसाबिहसासाठी नाही.

रविवारी मैत्रिणींबरोबर पाटणादेवीला जाते. अठराएक किलोमीटर, डांबरीच आहे, एमटीबीवर थोडं जड जातं, जाऊ दे. तिथून पुढे मात्र सायकल आत घुसवत नाही. ते गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे. हल्ली काही पोरं जंगलातली पायवाट दिसली की ट्रॅक समजून टायर घालतात आणि व्हिडिओ टाकतात. ती वाट कुणाच्या तरी गुरांची असते किंवा जनावरांची पाण्यावर जायची. वनखात्याची परवानगी लागते तिथे. एमटीबीवाल्यांनी आधी हे घरातलं भांडण मिटवावं, मग रोडवाल्यांना हसावं.

लळिंगचा वारा (धुळे)

ताई, कुरणाबद्दल मलाही ऐकवलंत. वनरक्षकाशी बोलून ठेवलंय, तरी घेतो ऐकून.

पंक्चरवाला अण्णा (भुसावळ)

पंचवीस वर्षं झाली दुकानाला. तुमची चर्चा वाचून हसू येतंय, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहा 'एमटीबीं'त नऊ एमटीबी नसतातच. पुढे स्प्रिंग घातलेले दोन पाइप, मागे एक स्प्रिंग, एकवीस गिअरचं स्टिकर, वजन अठरा किलो. शाळेत जायला ठीक. पण ती घेऊन मनुदेवीकडच्या दगडांत उतरू नका. मागच्या वर्षी एक पोरगा आला, चाकाचा पापड करून. बापानं विचारलं, "गॅरंटीत बसेल का?"

दुसरं. तुम्ही वारा, ट्रक, चिखल सगळं मोजलं. खान्देशात सायकल थांबवतो तो काटा. रस्त्याच्या कडेला सराटा, बांधावर बाभूळ. रोडवाला कडेनं चालतो म्हणून त्याला सराटा, एमटीबीवाला आत जातो म्हणून त्याला बाभूळ. दोघंही माझ्याकडेच येतात. माझा धंदा पक्षपात करत नाही.

इलाज ट्यूबलेस. आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, घाला, बारीक भोक फिरता फिरता आपोआप बुजतं. पण आपल्या उन्हात ते सीलंट लवकर सुकतं. डबीवर काहीही लिहिलेलं असो, उन्हाळ्यात दोन महिन्यांनी टायर उघडून पाहा. नाहीतर टायरमध्ये नुसती रबराची साय निघते. आणि हवा. एमटीबी घेऊन येतात, टायर दगडासारखा कडक. अहो, ट्यूबलेसला पंचवीस-तीस पीएसआय पुरते, तिचा सगळा फायदा त्या मऊपणातच आहे. रोडच्या अठ्ठावीस मिलिमीटरला साधारण ऐंशी. दोघींना एकच पंप, एकच आकडा मारायचा असेल तर दोन सायकली कशाला?

अमळनेरचा निवृत्त (अमळनेर)

अण्णांच्या पहिल्या परिच्छेदाला हरकत. स्वस्त सायकलला हसू नका. एमटीबी नावाची गोष्टच मुळात भंगारातून आली. कॅलिफोर्नियात मरिन परगण्यातली मंडळी जुन्या, जाड टायरच्या गावठी सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. मागच्या चाकाच्या हबमधला (मधल्या तुंब्यातला) ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर नवं भरावं लागायचं. म्हणून १९७६ साली सुरू झालेल्या त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणं. पुढे वीस वर्षांत, १९९६ ला, हाच प्रकार ऑलिंपिकमध्ये. रोडची शर्यत तिथे १८९६ पासून आहे. धाकटीनं शंभर वर्षांचा फरक असा भरून काढला.

आता रोडवाल्यांना. आमच्या ग्रुपात नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचं नाव निघालं की लगेच कुणीतरी कार्बनच्या फ्रेमची किंमत विचारतो. त्या दोघांनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली ती फ्रेमच्या जोरावर नाही. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीला, वेळ मिळतो साडेतेरा तास. ३०० ला वीस. म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आतबाहेर. यासाठी पन्नास-साठ हजारांची नवी सायकल घेण्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

तापीकाठ, तुमची एमटीबी एकोणतीस इंची असेल तर एक गोष्ट सांगतो. तिची रिम आणि रोडची सातशे सी रिम, दोन्हींचा टायर बसतो तो व्यास एकच, ६२२ मिलिमीटर. रिमची रुंदी अण्णांना दाखवा आणि चालत असेल तर चाळीसेक मिलिमीटरचे गुळगुळीत टायर चढवा, शॉकअप लॉक करा. तुमची निम्मी तक्रार पाचेक हजारांत मिटते. वाऱ्याची उरेल. पण वाऱ्याची तक्रार माझ्या आजोबांनाही होती, ते तर बैलगाडीत असायचे.

तापीकाठ (जळगाव)

मी शिव्यांची तयारी ठेवली होती, तुम्ही लोकांनी खर्च काढून दिला.

माझ्या मुद्द्यावरून हटत नाही. धुळ्यापर्यंत, किंवा फर्दापूरपर्यंत जायचं असेल तर रोडच. सकाळच्या थंडाव्यात ताशी तीसनं पिंपळं मागे पडतात तेव्हा जे वाटतं ते एमटीबीवर मला कधी वाटलं नाही, आणि ते गणितात बसत नाही. मास्तर, तोरणमाळला डिसेंबरात येतो. बत्तीसची कॅसेट लावूनच.

मात्र चाळीसगावच्या ताईंचं वाचून थांबलो. मी पाचला निघतो तेव्हा मागून येणाऱ्या गाडीचा वेग कमी झाला तर मला वाटतं, बरा माणूस दिसतो, सांभाळून चालवतोय. हे एवढं वेगळं असतं याचा विचार कधी आला नव्हता. माझी मुलगी अकरावीला आहे. मागच्या महिन्यात तिनं एमटीबी मागितली होती. मी म्हटलं, ती विकायचीय, तू रोड शीक.

त्या मुलाला फोन करून थांबायला सांगितलंय. रविवारी मुलीला घेऊन वाघूरच्या बाजूला शेतवाटेनं जाऊन पाहतो. ती एमटीबीवर, मी कशावर ते माहीत नाही.

गिरणेची लेक (चाळीसगाव)

दादा, तुम्ही एमटीबीवर बसू नका आणि तिला मागून सूचना देत जाऊ नका, एवढं केलं तरी चालेल.

पांझरानं पानी (साक्री)

तुम्ही पायी जा भो.

पंक्चरवाला अण्णा (भुसावळ)

मधली बटणं गेलीत ना त्या टायरची? मुरमावर ब्रेक मारला की मागचं चाक सुटेल. पुढचा चालेल अजून, मागचा बदलूनच पोरीला द्या.

तापीकाठ (जळगाव)

किती होतील अण्णा?

पंक्चरवाला अण्णा (भुसावळ)

टायर पाहून सांगतो. शनिवारी दुकानावर आणा. चालवत आणा, गाडीत टाकून नाही. पंचवीस किलोमीटर आहे, रोडवाल्याला काय ते.