मदत हवी आहे : जुनी कॉन्टेसा घेऊन तिचे ब्रेक व सस्पेन्शन सुधारण्याबाबत

नमस्कार. मी फोंड्यात राहतो. इसुझूचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन असलेली हिंदुस्थान मोटर्सची जुनी कॉन्टेसा म्हापशात विक्रीस आहे आणि ती घेण्याचे मी जवळजवळ ठरवले आहे. (घरच्यांच्या मते हा पांढरा हत्ती आहे; तो वाद वेगळा.) इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी ही लांबलचक गाडी सरळ रस्त्यावर ऐटीत धावते; मात्र वळणावर ती एका अंगाला कलते, स्टीअरिंग सैल वाटते आणि ब्रेकवर बराच जोर द्यावा लागतो, त्यामुळे अनमोड घाटात ती नेण्याचे धाडस होत नाही. इंजिन बदलायचे नाही, कारण मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ मुळे नोंदणीतील मूळ तपशील बदलणारे फेरफार अडचणीचे ठरतात. म्हणून प्रथम बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरी तुकडे) आणि शॉक अब्सॉर्बर बदलावेत, की चांगल्या रेडियल टायरपासून सुरुवात करावी? खाऱ्या हवेने आणि आपल्या पावसाने खालचा पत्रा कुठे कुठे सडतो, हे खरेदीपूर्वी नेमके कसे तपासावे? सुटे भाग गोव्यात मिळतील, की बेळगावला जावे लागेल?