लिलार्डला पैसे देऊन सोडलं, टर्नरला आणलं. बक्सनी बरोबर केलं का?

चिपळूणकर३४
२१ जुलै २०२५

एनबीए म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या आपल्या मिलवॉकी बक्सनी सोडलेला डेमियन लिलार्ड परत पोर्टलंडला, त्याच्या जुन्या संघाकडे, गेल्याची बातमी सगळ्यांनी वाचली असेलच. तीन वर्षं, ४.२ कोटी डॉलर. ड्रू हॉलिडेही याच ऑफसीझनमध्ये (दोन हंगामांमधल्या काळात) तिथे पोहोचलाय. २०२३ साली आपण हॉलिडे देऊन लिलार्ड घेतला होता, वर २०२९ चा पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) आणि दोन पिक-स्वॅपही (पिकांची अदलाबदल) दिले होते. आता ते दोघं एकाच संघात आहेत आणि मिलवॉकीकडे दोघांपैकी कोणीच नाही.

त्यात बक्सनी लिलार्डचा करार मध्येच सोडला आणि त्याचे उरलेले सुमारे ११.३ कोटी डॉलर पाच वर्षांवर पसरले. म्हणजे २०३० पर्यंत दर वर्षी साधारण २.२५ कोटी अशा माणसासाठी, जो आपल्या जर्सीत दिसणार नाही. यंदाची कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, १५.४६ कोटी आहे. तिचा जवळजवळ सातवा हिस्सा असाच गेला. या सगळ्यातून जी जागा मोकळी झाली तिच्यात इंडियानाचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) माइल्स टर्नर आला.

माझं मत आधीच सांगतो: बरोबर केलं. आपला मुख्य खेळाडू यानिस अँटेटोकुन्पो तीस वर्षांचा आहे, गेल्या हंगामात सरासरी तीसच्या वर गुण. मिलवॉकीसारख्या लहान शहरात मोठा खेळाडू आपणहून सही करायला येत नाही, आपल्या हाताने घडवलेला असेल तोच राहतो. अशा माणसासाठी पुढची पाच वर्षं गहाण टाकायला माझी हरकत नाही. तुम्हाला काय वाटतं?

हर्णै_बंदर

दादा, मला हे पटत नाही. सध्या मासेमारी बंदी आहे, बोटी वर ओढलेल्या आहेत आणि बंदरावर रोज हीच चर्चा चालते: कोणता खलाशी कोणत्या बोटीवर जाणार. मालक उचल देतो. उचल घेऊन खलाशी दुसरीकडे गेला तरी ती रक्कम मालकाच्या वहीत राहतेच, आणि पुढच्या हंगामात नवीन माणूस घेताना तीच आडवी येते. बक्सनी तर पाच हंगामांची वही भरून ठेवलीय. तांडेल (बोटीचा प्रमुख) कितीही तयारीचा असला तरी जाळं ओढायला माणसं लागतात. ती कुठून आणणार?

टर्नर चांगला आहे, नाही म्हणत नाही. बास्केटजवळ ब्लॉक करतो, तीनच्या रेषेबाहेरून टाकतो. पण हे काम आपला जुना सेंटर ब्रूक लोपेझ करतच होता की.

मालवणी_सन्स

गाववाल्यानू, तुमी मिलवॉकीचा रडगाणा गातास, आमचा फिनिक्स बघा! ह्याच आठवड्यात ब्रॅडली बील सोडल्यानी, त्याचेपण पैसे पाच वर्षांर पसरल्यानी, वर्षाक साधारण १.९ कोटी. स्टार केविन डुरँटासाठी २०२३ त मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या फेरीचे चार पिक दिलल्यानी. आता तो ह्यूस्टनाक गेलो. बदल्यात जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, धाव्वो पिक आणि दुसऱ्या फेरीचे थोडे. माका यानिसाबद्दल हीच भीती वाटता.

अलिबाग_रूकी

मी नवीन आहे, म्हणून विचारतो. दोन वर्षांचा करार उरला होता, मग पाच वर्षं कशी झाली? आणि लिलार्डला ट्रेडच (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) का नाही केलं?

चिपळूणकर३४

@अलिबाग_रूकी, चांगलं विचारलंत. सोडलेल्या खेळाडूचे पैसे पसरवताना उरलेली वर्षं दुप्पट करायची आणि त्यात एक मिळवायचं. दोनाची चार, अधिक एक, पाच. आता ट्रेडचं. एप्रिलमध्ये इंडियानाविरुद्ध त्याच्या डाव्या पायाची अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटली. पुढचा अख्खा हंगाम तो बाहेर, वय पस्तीस, पगार ५.४ कोटी. असा करार दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा तर सोबत पिक द्यावे लागतात, आणि आपले बरेचसे आधीच देऊन झालेत.

@हर्णै_बंदर, लोपेझ माझा फार लाडका. पण तो ३७ वर्षांचा आहे, क्लिपर्सकडे गेलासुद्धा. टर्नर २९ चा. इंडियानाकडे दहा वर्षं खेळला, नुकताच फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला. त्यांचा मुख्य खेळाडू हॅलिबर्टन जखमी झाल्यावर त्या संघाने लक्झरी टॅक्सचा (पगार फार वाढले की संघाने भरायचा कर) विचार करून हात आखडता घेतला आणि आपण मध्ये शिरलो. आपल्याच गटातल्या, दोन वर्षं लागोपाठ पहिल्या फेरीत आपल्याला हरवणाऱ्या संघाचा सेंटर आपण उचलला. हे लहान काम नाही.

आणि यानिसबद्दल मी एवढा का बोलतो तेही सांगतो. २१ जुलै २०२१, आपल्याकडे सकाळ. फायनलच्या सहाव्या सामन्यात त्याचे ५० गुण, फ्री थ्रो १९ पैकी १७. ज्याला अख्खी स्पर्धाभर प्रेक्षक सेकंद मोजून चिडवत होते, त्याने रेषेवर उभं राहून हे केलं. आम्ही चौघं मित्र ओरडून ओरडून घसा बसेपर्यंत नाचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पुढचे कित्येक आठवडे घरातला चिखल काढताना आमच्यात बोलायला एकच आनंदाचा विषय होता, तो सामना. त्या दिवशीच्या पहिल्या पाचांपैकी आज फक्त यानिस उरलाय. त्याचा करार असा आहे की २०२७ मध्ये तो मोकळा होऊ शकतो. तोपर्यंत त्याच्या संघाने हातचं राखून खेळावं, हे मला मान्यच नाही.

हर्णै_बंदर

हे वाचून गप्प बसावं लागलं, दादा. तरी विचारतोच, चेंडू वर आणणार कोण?

चिपळूणकर३४

तिथे मलाही धाकधूक आहे. केविन पोर्टर ज्युनियरवर भिस्त दिसते. माझ्या मते यानिसनेच चेंडू हातात घ्यावा, टर्नरला कोपऱ्यात उभं करावं आणि आतली वाट मोकळी ठेवावी. लोपेझबरोबर तेच जमलं होतं. पण ८२ सामने हा भार एकट्यावर टाकला तर एप्रिलपर्यंत त्याचे गुडघे टिकतील का? दुसरा एखादा स्वस्तातला पॉइंट गार्ड (चेंडू वर आणणारा) कोणाच्या नजरेत असेल तर नाव टाका. किमान पगारावर येणारा हवा, त्याहून जास्त द्यायला आपल्याकडे काही उरलं नाही.