गावाचं जुनं दृश्य की गावकऱ्याची आठवण: आधी काय जपायचं?

परसदार (धागाकर्ती)

बारा वर्षं झाली, मी इंग्लंडमध्ये डॉर्सेट परगण्यातल्या एका छोट्या गावात राहते. इथे गावोगावी इतिहासप्रेमींचे गट असतात, तसा आमच्याकडेही आहे. महिन्यातून एकदा सभागृहात खुर्च्या मांडायच्या, चहा करायचा आणि कोणाच्या तरी माळ्यावर सापडलेले जुने फोटो पडद्यावर बघायचे. यंदा गटाकडे थोडे पैसे जमलेत आणि त्यावरून मतभेद झालेत. बहुतेकांना गावाची जुनी दृश्यं मोठी छापून चौकात फलक लावायचे आहेत. माझं म्हणणं, ते पैसे ध्वनिमुद्रणाला द्या. ऐंशी-नव्वदीतली सहा-सात माणसं उरली आहेत, त्यांच्या आठवणी उतरवून घ्या. फोटो कुठे पळून जात नाहीत.

ही दृश्यं तयार कशी झाली ते बघा. फ्रान्सिस फ्रिथ या छायाचित्रकाराने १८६० च्या सुमारास सरे परगण्यातल्या रायगेटला कंपनी काढली आणि ब्रिटनमधलं प्रत्येक शहर आणि गाव टिपायचं ठरवलं. त्याच्या पश्चातही कंपनी चालत राहिली, १९७० च्या आसपास बंद पडली. तोवर ७,००० हून अधिक ठिकाणांची दृश्यं जमली होती. हे प्रचंड काम आहे, मी ते कमी लेखत नाही. पण ते विक्रीसाठी होतं. १८९४ साली टपाल खात्याने खाजगी चित्रपोस्टकार्डांना परवानगी दिली, १९०२ पासून पत्त्याच्या बाजूलाच मजकूर लिहिता येऊ लागला, आणि मग गावाचं दृश्य म्हणजे पाहुण्याने विकत घ्यावं असं काहीतरी, हे पक्कंच झालं. चर्च, पूल, मुख्य रस्ता, खानावळ. परसातली मोरी, धुणं, डुकरांचं खुराडं कोण विकत घेणार?

आमच्या परगण्यातलंच मिल्टन ॲबस घ्या. उताराच्या एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेली छत्तीस जवळपास एकसारखी पांढरी घरं. कॅलेंडरवर हमखास असतं. पण ते इतकं नीटनेटकं का? कारण अठराव्या शतकात जोसेफ डेमर, म्हणजे लॉर्ड मिल्टन, याला आपल्या वाड्याजवळ मिडलटन नावाचं जुनं बाजारगाव नको होतं. त्याने ते पाडलं आणि नजरेआड हे नवं गाव वसवलं. त्या देखण्या एकेका घरात दोन-दोन कुटुंबं कोंबली होती. दीडशे पोस्टकार्डं बघा, यातलं अक्षरही कळणार नाही.

आणि टाइनम. १९४३ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, हे गाव सैन्याच्या सरावासाठी रिकामं केलं. आजूबाजूच्या वस्त्या धरून सुमारे सव्वादोनशे माणसं गेली. जाताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली: पिढ्यान्‌पिढ्यांची घरं युद्धासाठी सोडतोय, एक दिवस परत येऊ, गाव नीट वागवा. १९४८ साली सरकारने जमीन कायमची घेतली. कोणी परतलं नाही. आज तिथे बिनछपराच्या भिंती आहेत, आणि प्रत्येक घरात कोण राहत होतं ते सांगणारे फलक. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भिंतींनी मला काही सांगितलं नाही. त्या माणसांबद्दल वाचलं आणि पाय हलेना.

लोलक

ताई, तुमच्याच उदाहरणात तुमचं उत्तर आहे. टाइनमला तुम्हाला थांबवलं ते फलकांनी, आणि त्या फलकांवर फोटोही आहेत. तेच फलक तुमच्या गटाला लावायचेत तर तुमचा विरोध!

फोटो विकाऊ होता हे मान्य. पण कॅमेऱ्याला निवडता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. छायाचित्रकार चर्च टिपायला उभा राहतो आणि कोपऱ्यात अनवाणी पोर येतं, दुकानाची पाटी येते, रस्त्यावरचं शेण येतं. त्याला नको असलेलं सगळं निगेटिव्हच्या काचेवर उमटतं. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावातल्या फ्रँक सटक्लिफ या छायाचित्रकाराचं पोट चालायचं ते पाहुण्यांची व्यक्तिचित्रं काढून. पण उरलेल्या वेळात त्याने बंदरावरचे कोळी, जाळी शिवणाऱ्या बायका, १८८६ साली पाण्यात नागडी डुंबणारी पोरं टिपली. ती सुट्टीवर आलेल्यांची नजर नव्हे. तो तिथेच राहणारा माणूस होता.

आणि आठवण? आमच्या वाड्याच्या दारात पिंपळ होता असं घरातली चार मोठी माणसं ठामपणे सांगायची. फोटो सापडला, त्यात उंबर निघाला. चौघांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं.

दफ्तरखाना

मी तीस वर्षं भूमी अभिलेखात काढली, त्यामुळे माझा कल कुठे हे उघड आहे. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते दोन्ही गावातल्या काही लोकांचंच आहे. फोटोत पैसेवाल्याचं दुकान येतं आणि आठवणी सांगायला गावात टिकलेला माणूस उरतो. जो शेतमजूर मालकाच्या घरात राहत होता, नोकरी गेली तसं घरही गेलं, आणि जो गिरणीच्या गावाला निघून गेला, त्याची आठवण तुमचा गट कुणाच्या तोंडून घेणार?

तो कागदात सापडतो. इंग्लंडात १५३८ पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी आहेत. १८४१ पासून जनगणनेत घरोघरच्या माणसांची नावं आहेत. १८३६ च्या कायद्यानंतर धर्मकरासाठी, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यासाठी, जे नकाशे झाले, त्यात शेताचा मालक वेगळा आणि वहिवाट करणारा वेगळा लिहिलाय. माझं मत सांगतो: पैसे असतील तर हे कागद उतरवून काढा. गोड आठवणींना लोक टाळ्या वाजवतात, पण त्यात गावाचा अर्धा भाग गायब असतो.

परसदार

दफ्तरखाना काका, तुमचा मजुराचा मुद्दा मला लागला. त्यावर माझ्याकडे पुरं उत्तर नाही.

पण कागदाचंही बघा. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची जनगणना १९४२ साली आगीत जळाली. १९४१ साली युद्धामुळे जनगणना झालीच नाही. म्हणजे टाइनमसाठी १९२१ नंतर थेट १९५१, आणि तेव्हा गावात चिटपाखरूही नाही. मध्ये हाताशी फक्त १९३९ च्या सप्टेंबरात केलेली घरोघरची नोंद. त्यात नाव, जन्मतारीख आणि धंदा. बाकी तीस वर्षं माणसांच्या डोक्यातच होती.

शिवाय कागदावर मालक कोण? टाइनमचे बहुतेक लोक कुळं होते. जमिनीचा मोबदला मालकाला मिळाला, कुळांना परसातल्या भाजीपाल्यापुरती भरपाई. ज्यांचं सगळं गेलं त्यांचा कागदावर हक्क कोबीच्या गड्ड्यांएवढा. त्यांचं गाव किती मोठं होतं हे त्यांनीच सांगायला हवं होतं ना?

भीमाकाठ

सहसा लिहीत नाही, पण हे वाचून राहवलं नाही.

आमचं गाव जुनं पळसदेव. उजनी धरणात गेलं. पळसनाथाचं मंदिर पाणी उतरलं की वर येतं, मग लोक होडीने बघायला जातात, फोटो काढतात. एका उन्हाळ्यात पाणी खूपच खाली गेलं तेव्हा वडिलांना घेऊन गेलो. घराची जागा दाखवतो म्हणाले. मंदिरापासून पावलं मोजत निघाले, एका ठिकाणी थांबले, म्हणाले इथे. मग मान हलवली, पुन्हा मंदिरापाशी गेले, पुन्हा मोजलं, भलतीकडेच थांबले. दोन तास गाळात फिरत होते. नंतर परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आमच्या घराचा एकही फोटो नाही. गल्लीचा नाही. परसदारताई, तुम्ही आठवणींच्या बाजूने लिहिता ते पटतं, पण 'फोटो कुठे पळून जात नाहीत' हे ज्याच्याकडे फोटो आहे तोच म्हणू शकतो. एखाद्या फ्रिथने पोस्टकार्ड विकायला म्हणून जरी आमच्या गावात कॅमेरा लावला असता, तरी मी त्याचे पाय धरले असते.

रानवारा

मी मँचेस्टरला राहते. आमच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं काही हॉजवॉटर तलावाचं. त्यासाठी १९३० च्या दशकात मार्डेल ग्रीन हे गाव बुडवलं. १९३५ साली तिथल्या चर्चच्या आवारातले ९७ जणांचे अवशेष उकरून शाप नावाच्या जवळच्या गावी नेऊन पुरले. त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी आपल्याकडे मुळशीला सेनापती बापट टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह करत होते. तिथे मुंबईला वीज, इथे मँचेस्टरला पाणी.

२०२२ च्या दुष्काळात मार्डेलच्या भिंती आणि पूल वर आले. मीही गेले होते. प्रचंड गर्दी, ड्रोन, सँडविचं. मला तिथे उभं राहवेना. म्हणून मला फलकही नको वाटतात आणि ध्वनिमुद्रणही. दोन्हीचं शेवटी प्रेक्षणीय स्थळ होतं. व्हिटबीचं नाव वर आलंय. तिथे २०२२ साली गावकऱ्यांनी मतदान घेतलं, नवी घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत म्हणून. ९३ टक्के मतं बाजूने पडली. जुन्या दृश्यांवर भाळलेली माणसं सुट्टीसाठी घरं घेतात आणि कोळ्याच्या नातवाला भाडं परवडत नाही. त्याच्यासाठी घर बांधायला ते पैसे दिलेत तर मी तुमच्या बाजूने.

लोलक

रानवारा, तुमचा राग रास्त आहे, पण गटाच्या थोड्याशा पैशांत घर उभं राहणार नाही. प्रश्न त्या थोड्या पैशांचाच आहे.

आणि ध्वनिमुद्रणावर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंग्लंडच्या विल्यम राजाने १०८६ साली देशाची मोजदाद करून पुस्तकात उतरवून घेतली, तिला ९०० वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली नवी मोजदाद काढली. देशाचे चार बाय तीन किलोमीटरचे तुकडे पाडले, आणि दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यात बहुतेक शाळकरी मुलांनी, आपापल्या तुकड्याचं वर्णन लिहिलं, फोटो दिले. म्हणजे तुम्हाला हवं तेच, देशभर! ते सगळं लेझर तबकड्यांवर ठेवलं. पंधरा-वीस वर्षांत ती तबकडी वाचणारं यंत्र मिळेना. तज्ज्ञांनी खटपट करून मजकूर वाचवला, २०११ साली तो सर्वांसाठी खुला झाला. मूळचं १०८६ चं चामड्यावरचं पुस्तक मात्र आजही उघडून वाचता येतं. फ्रिथची काच उजेडासमोर धरली की दिसते. तुमच्या ध्वनिफिती २०५० साली कोण ऐकवणार?

परसदार

भीमाकाठ, ते वाक्य मी मागे घेते. लिहिताना मला कळायला हवं होतं.

लोलक, यंत्र बदलतं हे खरं, म्हणून मुद्रण झालं की कागदावर उतरवायचं आणि परगण्याच्या अभिलेखागारात प्रत ठेवायची. पण मत माझं तेच आहे. आमच्या रस्त्याचा पन्नासच्या दशकातला एक फोटो गटाकडे आहे, पाव-दुकानासमोरचा. शेजारच्या ९१ वर्षांच्या आजींना तो दाखवला. त्यांनी दुकानाकडे पाहिलंही नाही. वरच्या मजल्यावरच्या बंद खिडकीवर बोट ठेवून म्हणाल्या, तिला इथे ठेवलं होतं, मूल होईपर्यंत. कोणाला, ते सांगितलं नाही. येत्या गुरुवारी पुन्हा जाणार आहे. त्या सांगतील की नाही, आणि सांगितलं तर ते चौकात लावायचं की नाही, मला ठाऊक नाही. पण पुढच्या वर्षीपर्यंत थांबायला मी तयार नाही.

दफ्तरखाना

जा. आणि त्यांनी नाव नको म्हटलं तर लिहू नका, ही एक विनंती.

भीमाकाठ, तुमच्यासाठी: नुसता सातबारा बघून थांबू नका. भूसंपादनाच्या निवाड्यात बुडणाऱ्या घरांची यादी असते, लांबी-रुंदी, भिंत मातीची की दगडाची, छप्पर कशाचं, त्यासकट. जिल्हाधिकारी कार्यालयात पुनर्वसन शाखेकडे गावाचं आणि वडिलांचं नाव देऊन अर्ज करा, नक्कल मिळते. घराचं माप हाती आलं की वडिलांसमोर कागदावर गल्ली काढायला बसा. शेजारी कोण, विहीर कुठे, ते भरत जातील. पेन्सिलीने काढा, त्यांना खोडता आलं पाहिजे.